पॅकेजच्या आधीचा प्रश्न

थर्ड इयर लागलं की हॉस्टेलची हवाच बदलते. फर्स्ट इयरला "तू कुठली गं?" असं विचारणाऱ्या मुली आता "तू काय करणार गं?" असं विचारायला लागतात. मेसच्या रांगेत, गरम पाण्याच्या बादलीपाशी, लाइट गेल्यावर गच्चीवर... विषय एकच. करिअर! आणि गंमत अशी, की या एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर आपण एका आकड्यात देतो. अमक्या कंपनीचं पॅकेज इतकं, तमक्या कंपनीचं तितकं. आकडा मोठा तर करिअर चांगलं, संपला विषय.

माझ्या घरीही हाच विषय चालू आहे. मी सिव्हिलची. बाबांचं म्हणणं, "डिग्री सिव्हिलची घे, पण नोकरी सॉफ्टवेअरचीच बघ." त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. शिक्षणासाठी कर्ज काढलंय आणि त्याचा हप्ता कोणाची आवडनिवड बघून येत नाही. साइटवर ऊन, धूळ, वेळेचा पत्ता नाही, त्यात मुलगी. सॉफ्टवेअरमध्ये निदान डोक्यावर पंखा आहे! येत्या सुट्टीत कोडिंगच्या क्लासला पैसे भरायचे की नाही, हे मला बाबांना सांगायचं आहे. पण "मला सिव्हिलमध्येच काम करायचंय" असं म्हणायचं तर त्यामागे काही कारण हवं ना? नुसतं "आवड आहे" हे कारण बाबांच्या समोर टिकत नाही, आणि खरं सांगायचं तर टिकूही नये. कारण जे काम आपण जवळून पाहिलंच नाही, त्याची आवड आहे की नाही हे कळणार कसं?

म्हणून गेल्या वर्षभरात आम्ही तिघी-चौघींनी एक उद्योग केला. वर्गातल्या विषयांची खरी रूपं आपल्या तुळजापूरच्या आसपास कुठे बघायला मिळतात ती शोधली आणि रविवारी एस.टी.ने जाऊन पाहिली. पुण्या-मुंबईच्या मुलांसारखी मोठमोठी ऑफिसं आपल्याकडे नाहीत, ही तक्रार आपण रोज करतो. पण आपल्या जिल्ह्यात आणि शेजारी जे आहे ते पाहिलं तर वाटतं, की इंजिनिअरिंग शिकायला याहून चांगली जागा शोधावी लागेल. त्यातल्या तीन ठिकाणांबद्दल लिहिते. एक पाण्याचं, एक जमिनीचं आणि एक माणसांचं.

१. नळदुर्ग : पाण्याच्या पोटातला महाल

नळदुर्ग आपल्याच तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, इथून सुमारे ३५ किलोमीटर. किल्ला आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय, फोटोही काढलेत. पण सिव्हिलवाल्याने तिथे जायचं ते पाणीमहालासाठी. बोरी नदीवर धरणाची भिंत आहे आणि त्या भिंतीच्या पोटातच महाल बांधलाय. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली हे काम झालं. भिंतीच्या एका बाजूला नळदुर्ग, दुसऱ्या बाजूला रणमंडळ. पाऊस चांगला झाला की पाणी भिंतीवरून दोन सांडव्यांमधून खाली कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आपण आत महालात उभे असतो आणि पाणी आपल्या डोक्यावरून जाऊन समोर पडत असतं. आत पाय ओले होत नाहीत!

आता हे "वा, काय कारागिरी!" म्हणून सोडून देता येतं. पण जरा हिशोब करून बघा. पाणी जितकं खोल, तितका त्याचा दाब जास्त. १० मीटर खोलीवर एका चौरस मीटरवर साधारण १० टनांचा रेटा असतो. खोली दुप्पट झाली तर भिंतीवरचा एकूण रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. हा रेटा अडवायला दगडी धरणाकडे एकच हत्यार असतं, स्वतःचं वजन. म्हणून अशा धरणाला गुरुत्व धरण म्हणतात आणि म्हणूनच त्याची भिंत तळाशी रुंद असते. मग अशा भिंतीच्या पोटात पोकळी ठेवायची म्हणजे वजन कमी करायचं, म्हणजे तिचं हत्यारच थोडं बोथट करायचं. तरीही ती चारशे वर्षं उभी आहे. याचा अर्थ बांधणाऱ्याला किती दगड काढून घेतला तरी चालेल याचा नेमका अंदाज होता.

आणखी एक. आजच्या मोठ्या काँक्रीटच्या धरणांतही आत बोगद्यासारखी वाट असते, तिला गॅलरी म्हणतात. तिथून इंजिनिअर गळती मोजतो, भिंतीची तब्येत तपासतो. म्हणजे धरणाच्या पोटात शिरून बसणं हे कोणाकोणाचं रोजचं काम आहे. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. पण महालाच्या खिडकीत उभं राहून पाण्याचा आवाज ऐकला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की हे काम मला जमेल आणि करायलाही आवडेल.

२. सास्तूर-किल्लारी : जमिनीने घेतलेली परीक्षा

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आपल्यापैकी कोणाचाही तेव्हा जन्म झाला नव्हता, पण या भागातल्या प्रत्येक घरात त्या पहाटेची एक तरी गोष्ट आहे. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर, शिवाय आजूबाजूची कितीतरी गावं जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजार माणसं गेली.

भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात एवढे भूकंप दर वर्षी बरेच होतात आणि अनेकदा त्यात फारसं कोणी मरतही नाही. मग इथे एवढा कहर का झाला? या "का"चं उत्तर संपूर्णपणे सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पुस्तकात आहे.

इथली जुनी घरं दगड-मातीची. भिंती दोन-अडीच फूट जाड, म्हणजे दिसायला किल्ल्यासारख्या. पण ती एक भिंत नसते, दोन असतात! आतला दगडांचा थर वेगळा, बाहेरचा वेगळा आणि मध्ये माती-गोटे भरलेले. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, ज्याला पुस्तकात थ्रू स्टोन म्हणतात, तो बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन हलली की दोन थर फुगून एकमेकांपासून सुटतात आणि भिंत ढासळते.

वर माळवद. लाकडाच्या खणांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून केलेली ही सोय, आणि आपल्याकडचा उन्हाळा बघता ती शहाणपणाचीच. पण पाऊस गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं मातीची भर पडत जाते. समजा थर ५० सेंटीमीटरचा झाला. माती घनमीटरला १६०० किलो धरली तर एका चौरस मीटरवर ८०० किलो. तीन बाय चार मीटरची खोली म्हणजे १२ चौरस मीटर. डोक्यावर झालं ९६०० किलो, जवळजवळ १० टन! एक भरलेला ट्रक छतावर उभा करून खाली आपण झोपलोय असं समजा. आणि भूकंपाचा नियम न्यूटनचाच आहे : वस्तुमान जितकं जास्त, तितका बसणारा झटका मोठा. जड छप्पर भूकंपाचा जोर स्वतःकडे ओढून घेतं आणि ढिल्या भिंतींवर टाकतं.

त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे झोन एकमध्ये होता. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर खडक, इथे काय होणार, अशीच समजूत होती. २००२ साली भारतीय मानक १८९३ ची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर झोन तीनमध्ये गेला. आपण परीक्षेसाठी "झोन फॅक्टर" पाठ करतो ना, त्या तक्त्यामागे आपल्या शेजारची गावं आहेत. हे समजल्यापासून मला तो तक्ता पाठ करावा लागला नाही.

सास्तूरला गेलो तेव्हा मी वहीत एका जुन्या भिंतीचं चित्र काढत होते. एक आजी जवळ येऊन म्हणाल्या, "काय लिहिलालीस गं पोरी?" मी सांगितलं, भिंत कशी पडते ते लिहितेय. त्या म्हणाल्या, "पडती कशी ते आमी बगितलंय. उभी कशी ऱ्हाती ते लिही."

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. प्लिंथ, लिंटेल, बीम हे शब्द मला येतात. पण आजींशी बोलताना कळलं, की जोतं, तुळई, खण, माळवद हे शब्द आल्याशिवाय मला त्यांच्या घराबद्दल काही विचारताच येणार नाही, आणि विचारता आलं नाही तर दुरुस्तीही सुचवता येणार नाही. त्या दिवशी वहीत एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला आजींचे शब्द अशी यादी केली. या लेखातले निम्मे शब्द त्या यादीतले आहेत.

आता "उभी कशी राहते" त्याचं उत्तर. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला. सर्वांत जास्त हानी झालेली ५० हून अधिक गावं नव्या जागी वसवली. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं पडलेली नव्हती, कमजोर झाली होती. ती जागच्या जागी मजबूत करायची होती. त्याची युक्ती खरं तर साधी आहे. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडायची, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, झाला थ्रू स्टोन. दारं-खिडक्यांच्या वरून घराला चारी बाजूंनी पट्टा बांधायचा, म्हणजे चारही भिंती एकमेकींचे हात धरून उभ्या राहतात. लाकडी खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे आधार द्यायचे. आणि माळवदावरची जादा माती उतरवायची.

ही युक्ती घरोघरी समजावून सांगायला पुरेसे इंजिनिअर कुठून आणणार? इथे मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट येते. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्या महिला मंडळांतल्या बायकांना या कामात घेतलं गेलं. त्यांना "संवाद सहायक" म्हणत. ज्यांनी कधी ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं, त्या बायका पट्टा कुठे हवा, सळई कशी बांधायची, सिमेंटवर पाणी किती दिवस मारायचं हे शिकल्या आणि शेजारणींना शिकवायला लागल्या. पुढे यातल्या कित्येक जणी बचत गट, आरोग्य, पाणी अशा कामांत शिरल्या. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं आपल्याकडेही होतात, टाय कसा बांधायचा, हात कसा मिळवायचा वगैरे. पण माणूस मोठा कशाने होतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आधी आत्मविश्वास आला आणि मग काम केलं असं झालं नाही. काम अंगावर आलं, ते शिकून केलं आणि आत्मविश्वास मागून आला.

३. महाद्वार : गर्दीचं गणित

तिसरी जागा तर आपल्या रोजच्या पाहण्यातली. देवीचं मंदिर! मंगळवारी बाहेर पडलं की रिक्षा मिळत नाही, नवरात्रात मेसवाल्या काकांची भाजी उशिरा येते आणि कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून चालत येणाऱ्या भाविकांनी रस्ता भरून जातो. आपल्यासाठी ही गैरसोय. पण हाही इंजिनिअरिंगचाच विषय आहे.

दर्शनाची रांग म्हणजे पाइपमधलं पाणी समजा. पाइप कितीही मोठा असला तरी पाणी येणार ते सगळ्यात अरुंद जागेतून जेवढं जाईल तेवढंच. पायऱ्यांच्या वाटेवरून एक मीटर रुंदीत मिनिटाला साधारण साठेक माणसं जाऊ शकतात. म्हणजे तीन मीटरच्या वाटेवरून तासाला दहा-अकरा हजार. पण देवीसमोर प्रत्येकाला नुसते दोन सेकंद मिळाले, तरी एका रांगेतून तासाला १८०० जणच पुढे सरकतील. रांगेत दहा हजार माणसं असली तर शेवटच्या माणसाला साडेपाच तास उभं राहावं लागणार. मग बाहेरची वाट रुंद करून रांग लवकर सरेल का? नाही. ती माणसं फक्त आत येऊन तुंबतील, आणि आपल्या मंदिरात तर पायऱ्या उतरून आत जायचं असतं. खरं काम आहे ते रांगेला मध्ये मध्ये थांबे देण्याचं, सावली-पाणी पुरवण्याचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाटा वेगळ्या ठेवण्याचं.

हे गणित चुकलं तर काय होतं ते महाराष्ट्राने २५ जानेवारी २००५ ला पाहिलंय. वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे माणसं गेली. अरुंद चढाची वाट, निसरड्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना दुकानं. यातली प्रत्येक गोष्ट कागदावर आधी मोजता येते. आपलं कॉलेज देवीच्या मंदिर संस्थानाने सुरू केलं. त्या देवळाच्या गर्दीचा अभ्यास आपल्या कॉलेजच्या मुलांनी नाही करायचा तर कोणी करायचा?

मग करिअरचं काय?

तुम्ही म्हणाल, सहली झाल्या, आता मुद्द्यावर ये. मुद्दा हा, की काम जवळून पाहिलं की प्रश्न बदलतो. "कुठली कंपनी?" हा प्रश्न मागे पडतो आणि "कुठला प्रश्न सोडवायला मला आयुष्यभर आवडेल?" हा पुढे येतो. मी त्याला आमच्या भाषेत "मंगळवारचा प्रश्न" म्हणते. दहा वर्षांनी एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आपण नेमकं काय करत असू? पॅकेजचा आकडा महिन्यातून एकदा खात्यावर येतो. मंगळवार दर आठवड्याला येतो!

या प्रश्नाने आपल्यासमोरच्या वाटा तपासून बघा. कॅम्पसमधून सॉफ्टवेअर कंपनी : कुठल्याही ब्रँचला घेतात, अॅप्टिट्यूड आणि कोडिंग बघतात, पगार लवकर सुरू होतो. मंगळवारी अकराला तुम्ही स्क्रीनसमोर असाल आणि दुसऱ्या कोणाच्या तरी कामातली अडचण प्रोग्रॅम लिहून सोडवत असाल. ते आवडत असेल तर जरूर जा, त्यात कमीपणा काही नाही.

गेट : आय.आय.एस्सी. आणि सात आय.आय.टी. मिळून ही परीक्षा घेतात, स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यावर एम.टेक.ला प्रवेश मिळतो आणि काही सरकारी कंपन्याही तो बघतात. ज्याला "का?" विचारत बसायला आवडतं त्याची ही वाट. भूकंपाचं इंजिनिअरिंग शिकायचं तर इथूनच जावं लागतं.

स्पर्धा परीक्षा : यू.पी.एस.सी.ची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस, एम.पी.एस.सी.ची महाराष्ट्र अभियांत्रिकी सेवा. तयारीत वर्षं जातात आणि जागा निघण्याची वाट बघावी लागते, हे मनाशी धरूनच उतरावं. पण सरकारी नोकरी म्हणजे नुसती खुर्ची नव्हे. माधवराव चितळे महाराष्ट्राच्या सरकारी सेवेतूनच पुढे गेले आणि १९९३ साली, म्हणजे किल्लारीच्याच वर्षी, पाण्याच्या क्षेत्रातला मानाचा स्टॉकहोम वॉटर प्राइझ त्यांना मिळाला.

आणि साइटची वाट : कंत्राटदाराकडे किंवा सल्लागाराकडे उमेदवारी. सुरुवातीला पगार बेताचा, बोलणी भरपूर. पण मंगळवारी अकराला तुमच्यासमोर काहीतरी उभं राहत असतं.

माझं उत्तर? मला जुनी घरं आणि जुन्या इमारती मजबूत करण्याचं काम करायचंय. म्हणून गेट देणार आहे. बाबांशी बोलले, आणि या वेळी "आवड आहे" एवढंच न म्हणता त्यांना माळवदाचा हिशोब दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या गावाकडच्या घराला आहे का गं तो आरपार दगड?" क्लासचे पैसे भरायचे की नाही हे अजून ठरलेलं नाही. हप्त्याचा प्रश्नही आहे तिथेच आहे. कदाचित आधी दोन वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी करावी लागेल आणि मग शिकावं लागेल. पण आता वाट वळली तरी कुठे जायचंय ते मला माहीत आहे.

आपल्याला काय करता येईल?

फार काही नाही. महिन्यातला एक रविवार बाजूला काढा. आपल्या ब्रँचचं काम जिथे चालतं अशी एक जागा निवडा. मेकॅनिकलवाल्यांना एस.टी.चं वर्कशॉप आहे, साखर कारखाना आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांना सबस्टेशन आहे. कॉम्प्युटरवाल्यांनी दर्शनाच्या रांगेचा प्रोग्रॅम लिहून बघावा, एका बाजूने किती आले आणि गाभाऱ्यापाशी किती तुंबले. आधी परवानगी घ्या, सरांचं पत्र घ्या, आणि तिथे गेल्यावर तीन गोष्टी विचारा : हे काम कोण करतं? ते बिघडलं तर कोणाचं नुकसान होतं? आणि हे करणाऱ्याला काय काय यावं लागतं? उत्तरं वहीत लिहा, आणि तिथल्या माणसांच्या शब्दांत लिहा.

सरांना आणि मॅडमना एक विनंती. इंडस्ट्रियल व्हिजिट म्हटलं की आपण लांबच्या शहराची बस ठरवतो आणि दोन दिवसांतला दीड दिवस बसमध्येच जातो. त्यातली एखादी नळदुर्गला किंवा सास्तूरला नेली तर? इथेच तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं संकुल आहे. त्यांची मुलं गावोगाव फिरतात, त्यांना माणसांशी बोलता येतं. आपल्याला हिशोब येतो. दोघांनी मिळून एखाद्या गावातली जुनी घरं तपासली, तर फायनल इयरचा प्रोजेक्ट कपाटात धूळ खात पडणार नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पॅकेज जरूर विचारा. पोट सगळ्यांनाच आहे. फक्त तो प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न विचारायला एस.टी.चं तिकीट, एक वही आणि एक रविवार एवढंच लागतं!